नवऱ्याचं सॅलरी सर्टिफिकेट

अल मनखूल, दुबई
१० जानेवारी २०२५

ती. जेरार्डदादास,
सा. न. वि. वि., आणि जय येशू.

पत्र बघून तू हसशील. अबू धाबी ते दुबई दीड तासाचा रस्ता, दोघांकडे मोबाइल, आणि ही बाई वहीचं पान फाडून लिहिते आहे. पण फोनवर मला मोकळं बोलता येत नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. माझी मैत्रीण बेव्हर्ली आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, क्लिनिकमध्ये नर्स आहे. तिची बहीण तुमच्या रीम आयलंडवर असते, म्हणून वीकेंडला ती तिकडे येते. तिच्या हाती हे पाठवते आहे. उत्तरही तिच्याच हाती दे. मला मेसेज करू नकोस, एवढं ऐक.

शेनॉन मजेत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपण बोललो. डॅरिलचं प्रमोशन झालं. अल क्वोजच्या वेअरहाऊसचं सगळं आता तोच बघतो. वहिनीला सांग, तिने ख्रिसमसला दिलेला मिक्सर गेला. रश्श्यात मीठ जास्त झालं होतं, तर मिक्सर बाल्कनीच्या काचेवर गेला आणि काचही गेली. वॉचमनला मी वाऱ्याचं कारण सांगितलं. शेनॉनच्या तळपायात तुकडा घुसला होता, तो बेव्हर्लीने काढला. आता ती नीट चालते.

दादा, एक काम आहे. तुमच्या असोसिएशनचं कम्युनिटी कॉलेज अल क्वोजला सुरू होतंय, आणि तू कमिटीवर आहेस. त्यात मेडिकल कोडिंगचा कोर्स आहे. पेशंटला काय झालं, कशाने झालं, ते डॉक्टरच्या नोंदीवरून कोडमध्ये मांडायचं काम. बेव्हर्ली म्हणते, इथल्या प्रत्येक क्लिनिकला अशी माणसं लागतात. फी साडेसहा हजार दिरहॅम, म्हणजे आपले दीड लाख. तुमच्याकडे काही सीट फ्री आहेत, पण फॉर्मला नवऱ्याचं सॅलरी सर्टिफिकेट आणि सही लागते. ते सोडून मला सीट देता येईल का? का, ते विचारू नकोस. मला शिकायचंय, एवढंच धर.

वहिनीला नमस्कार, ॲरॉनला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
जोसेफिन

•

अल रीम आयलंड, अबू धाबी
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. जोसेफिन हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र बेव्हर्लीने दिलं. तुझी वहिनी म्हणाली की पत्र लिहिणारी माणसं अजून शिल्लक आहेत हे बघूनच बरं वाटलं. पन्नाशी ओलांडलेला मीही मग पेन शोधत बसलो. मिक्सरचं वाईट वाटलं. डॅरिल पहिल्यापासूनच धसमुसळा. लग्नात केक कापताना त्याने टेबल हलवलं होतं, आठवतं?

आता तुझ्या कामाचं. कमिटीत याच विषयावर महिनाभर भांडण चाललंय. आमचे चेअरमन विजयकुमार पुण्याचे, शांत माणूस. त्यांचं म्हणणं, फी सगळ्यांनाच माफ करा, डोनेशन पुरेसं आहे. मी विरोधात उभा राहिलो, आणि तिघांना माझ्या बाजूला आणलं. कारण सरळ आहे. सगळ्यांना फुकट केलं की मोठ्या गाडीतून उतरणाऱ्या बायका टाइमपास म्हणून येऊन बसतील, आणि ज्या क्लीनरला खरी गरज आहे तो वेटिंग लिस्टवर राहील. म्हणून नियम केला की घराचं उत्पन्न आठ हजार दिरहॅमच्या आत असेल तर फ्री, नाहीतर पूर्ण फी. घरात कमावता नवरा असेल तर त्याचं सर्टिफिकेट. हा नियम मी स्वतः ड्राफ्ट केला आहे, आणि पहिली सूट माझ्याच बहिणीला द्यायची? लोक काय म्हणतील?

डॅरिलचा पगार आता बावीस हजारांच्या पुढे असणार. तुझी फी त्याला जड नाही. तुला मागायला लाज वाटत असेल तर मी बोलतो. पुढच्या रविवारी असोसिएशनचा स्पोर्ट्स डे आहे, तिथे भेटेलच. थोडी चेष्टा केली की लगेच खिशात हात घालेल, मी ओळखतो त्याला.

शेनॉनला आशीर्वाद. आमच्यावरचा राग दोन दिवसांत जाऊ दे, लोभ मात्र राहू दे.

तुझा,
जेरार्डदादा

•

अल मनखूल
२३ जानेवारी २०२५

दादा,

नमस्कार नंतर. डॅरिलशी बोलू नकोस. चेष्टेतसुद्धा नको. फी नको, सीट नको, काहीच नको. मी विचारलंच नव्हतं असं समज. चारचौघांत तर अजिबात नको. मी तुझ्या पाया पडते.

जोसेफिन

•

अल मनखूल
२७ जानेवारी २०२५

आदरणीय जेरार्डभाऊ यांस,
स. न. वि. वि.

सोबतची चिठ्ठी जोसेफिनने गुरुवारी माझ्याकडे दिली होती. माझी ड्यूटी बदलली, मला अबू धाबीला येता आलं नाही. फोटो काढून पाठवायला हवा होता. ती म्हणाली होती, मोबाइलवर काही नको, आणि मी ऐकलं. आज माझी बहीण तुमच्याकडे हे पाकीट आणते आहे. पोलिसांचा फोन तुम्हाला आला असेल, पण नीट काय झालं ते कोणी सांगितलं नसेल. मला ते फोनवर बोलता येणार नाही.

काल स्पोर्ट्स डेला रस्सीखेचीच्या तंबूत तुम्ही डॅरिलच्या खांद्यावर हात टाकलात तेव्हा मी सरबत घेऊन मागेच उभी होते. एवढा मोठा मॅनेजर आणि बायको गरिबांच्या सीटसाठी अर्ज करते, असं तुम्ही म्हणालात. सगळे पुरुष हसले. सगळ्यांत जास्त डॅरिल हसला. त्याने तुम्हाला टाळीही दिली. जोसेफिन माझ्या शेजारी होती. तिने ग्लास खाली ठेवला आणि मला म्हणाली, शेनॉनला तुझ्याकडे घेऊन जा. मी नेलं. तिलाही ओढून न्यायला हवं होतं.

घरी गेल्यावर त्याने आधी तिचं डोकं किचनच्या कपाटावर आपटलं. मग विचारलं की अर्ज कुठल्या हाताने लिहिलास. तिने दोन्ही हात मागे घेतले. तेव्हा त्याने तिचा उजवा हात बेडरूमच्या दाराच्या चौकटीत धरला आणि दार लावलं. एकदा नाही. शेजारच्या सायराने आवाज ऐकून पोलिसांना बोलावलं, आणि ते येईपर्यंत ती आणि तिचा नवरा बाहेरून दार बडवत होते. पोलिसांनी दार उघडायला लावलं तेव्हा तो सोफ्यावर बसून क्रिकेट बघत होता. तिला जमिनीवरून उचललं.

तीन बोटं मोडली आहेत, एकाचं टोक वाचलं नाही. आज ऑपरेशन करून तारा घातल्या. डोक्याला टाके आहेत. भाऊ, हे पहिल्यांदा नाही. मागे बरगडी मोडली होती, तुम्हाला सांगितलं की जिना उतरताना पडली. डाव्या कानाने तिला कमी ऐकू येतं, तेही त्याच्या थपडेने. तुमच्याकडे जेवायला बसली की ती तुमच्या डाव्या बाजूची खुर्ची का मागते, ते कोणी विचारलं नाही.

तिने मला शपथ घातली होती. ती मी आज मोडली. शेनॉन माझ्याकडे आहे. जेवत नाही, पण झोपली.

तुमची कृपा तिच्यावर आता तरी पडावी.

आपली,
बेव्हर्ली

•

अल रीम आयलंड
१६ फेब्रुवारी २०२५

चि. जोसेफिन हिस,
अ. उ. आ.

हॉस्पिटलमध्ये मी तुझ्या पलंगाशी बसलो होतो तेव्हा तू डोळे उघडले नाहीस. झोपली होतीस की मला बघायचं नव्हतं, ते मी विचारत नाही. त्यानंतर मी काय केलं ते तू लोकांकडून ऐकलं असशील. माझ्याकडून ऐक.

डॅरिल पासपोर्ट जमा करून जामिनावर सुटला, आणि दुसऱ्याच दिवशी कामावर गेला, असं मला कळलं. मी ऑफिसमधून सरळ गाडी काढली आणि अल क्वोजला गेलो. तो वेअरहाऊसच्या दारात उभा राहून माणसांना ट्रक भरायला लावत होता. मला बघून तो पुढे आला, हात पुढे केला, म्हणाला की घरातली गोष्ट आहे, घरातच मिटवू. ट्रकच्या चाकाचे नट खोलायचा लांब पाना तिथे पडला होता. मी तो उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला.

जोसे, तो खाली बसला, दात थुंकत होता, दोन्ही हात वर करून थांब म्हणत होता. मी थांबलो नाही. खांद्यावर मारला तेव्हा हाड मोडल्याचं मला पान्यातून हाताला कळलं. मग गुडघ्यावर मारला. मला तेव्हा बरं वाटत होतं, हे मी फादरनासुद्धा सांगितलेलं नाही. लोडिंगच्या पठाणांनी मला मागून धरलं, त्यातला एक म्हातारा माझ्या कानात खलास, खलास, म्हणजे पुरे झालं, असं म्हणत राहिला. तेव्हा पाना सुटला. माझ्या शर्टावर त्याचं रक्त होतं आणि तोंडाला त्याची चव होती.

चार दिवस आत होतो. आता पासपोर्ट जमा आहे, कंपनीने सस्पेंड केलंय. काल डॅरिलचा वकील आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की तू तुझी तक्रार मागे घेतल्याची सही दे, डॅरिल माझ्यावरची मागे घेईल. मग दोन्हीकडचं प्रकरण हलकं होईल. तू त्याच्यापासून वेगळी राहा, तो अडवणार नाही. नाहीतर मला जेल आहे, नोकरी जाईल, व्हिसा जाईल. ॲरॉनचं बारावीचं वर्ष आहे. तुझी वहिनी दिवसभर किचनमध्ये बसून रडते. ॲरॉन मला एवढंच म्हणाला, 'डॅड, टेल हर टू साइन.'

मी मोठा भाऊ आहे, हे लिहिताना मला शरम वाटते. तरी लिहितो. जमलं तर सही कर.

आमच्यावर राग धर, पण तोडू नकोस.

तुझा,
जेरार्डदादा

•

अल मनखूल, बेव्हर्लीच्या घरून
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून घे.

मी सही करणार नाही.

एवढं लिहायला मला तीन दिवस लागले, आणि ते हातामुळे नाही. वहिनीचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. ॲरॉनला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तरी नाही.

बरगडी मोडली तेव्हा मी डॉक्टरला जिना सांगितला. कानाचं रक्त आलं तेव्हा इन्फेक्शन सांगितलं. काचेचं खापर वाऱ्यावर फोडलं. प्रत्येक वेळी कोणाचं तरी काहीतरी वाचवायचं होतं. त्याची नोकरी, शेनॉनची शाळा, वसईतली आईची अब्रू. आता तुझी नोकरी. या वेळी मी पोलिसांना खरं सांगितलंय. ते पुसून टाकलं तर उद्या तो कोणाचाही हात दारात धरेल, आणि कागदावर काहीच झालेलं नसेल. शेनॉननेही सांगितलंय. ती मला म्हणाली, 'मम्मा, आय टोल्ड देम एव्हरीथिंग.' तिला मी काय सांगू, की ते खोटं धर?

आणि दादा, तू त्याला माझ्यासाठी मारलंस असं म्हणू नकोस. मला हवं होतं ते जानेवारीत मी लिहून मागितलं होतं. तुझ्या नियमात मी श्रीमंत बाई होते. बावीस हजारांच्या घरात राहणारी. त्यातला एक दिरहॅम माझ्या हातात नव्हता, भाजीचं बिलसुद्धा मी फोटो काढून त्याला पाठवत होते. तुझा फॉर्म म्हणत होता की ज्याच्यापासून सुटायचंय त्याचीच सही आण. तू मला का विचारलं नाहीस, असं मी म्हणत नाही, विचारू नकोस असं मीच लिहिलं होतं. पण जिला सांगता येत नाही तिला तुमच्याकडे जागाच नव्हती.

त्याच्या तोंडावर पाना बसला हे ऐकून मी रडले. त्याच्यासाठी नाही. तुझे हात तसे नव्हते, म्हणून.

मी कोर्टात उभी राहणार. तू जेलमध्ये गेलास तर वहिनीच्या दारात येऊन उभी राहीन, तिने हाकललं तर परत जाईन.

मला टाकायचं असेल तर टाक. मी तुझीच बहीण म्हणून सही करते,

जोसेफिन

•

अल रीम आयलंड
८ जून २०२५

चि. जोसेफिन हिस,
अ. उ. आ.

इतके महिने लिहिलं नाही. मुद्दामच लिहिलं नाही. तुझं पत्र मी वाचून फाडलं, मग तुकडे टेबलावर जुळवून परत वाचलं. घरात तुझं नाव निघत नव्हतं.

डॅरिलचा निकाल तुला माहीत आहे. तू आणि शेनॉन कोर्टाच्या बाहेर पडताना मी समोरच्या फुटपाथवर उभा होतो. तुम्ही टॅक्सीत बसेपर्यंत थांबलो. माझा निकाल परवा लागला. दोन महिने, आणि त्याच्या उपचाराचा खर्च. कंपनीने टर्मिनेशन आधीच दिलंय. सुटलो की व्हिसा कॅन्सल करून वसईला. हिची आणि ॲरॉनची तिकिटं काढली. ॲरॉन माझ्याशी बोलत नाही.

दुसरी गोष्ट कॉलेजची. काल कमिटीची मीटिंग होती. मी राजीनामा द्यावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण तोंडाने कोणी बोललं नाही. मी विजयकुमारांना म्हटलं की फीचा विषय आधी घ्या, राजीनामा खिशात आहे. आमच्यातला एक सभासद म्हणाला की या बायकांच्या भानगडींमुळे समाजाचं नाव खराब झालं. मी उभा राहिलो. मूठ वळलेली होती, आणि टेबलाभोवतीची माणसं खुर्च्या मागे सरकवू लागली. मला घाबरून. मी खाली बसलो. घोटभर पाणी प्यायलो आणि मग बोललो.

माझी बहीण त्यांच्यासमोर ठेवली, तुझं नाव घेऊन. मला परवानगी नव्हती, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल. मी म्हटलं की घराचं उत्पन्न म्हणजे घरातल्या बाईचं उत्पन्न नव्हे. त्यावर शुभ्रा मॅडम, ज्या कोडिंगचा कोर्स शिकवतात, त्यांनी विचारलं की अशा बायकांसाठी वेगळी सूट ठेवली तर? बाईने कमिटीपुढे येऊन अडचण सांगायची, आपण फी माफ करायची. सगळ्यांना ते पटलं. काही महिन्यांपूर्वी मलाही पटलं असतं. मी त्यांना विचारलं, ती कोणासमोर येऊन सांगणार? आपल्यासमोर. पाच माणसं टेबलाच्या या बाजूला, ती एकटी त्या बाजूला, आणि या पाचांतला कोणीतरी तिच्या नवऱ्याला ओळखत असणार. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. तो पाचवा माणूस चांगला असेल, विनोदी असेल, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकेल.



मी म्हटलं, प्रश्नच विचारायचा नाही. फॉर्मवर नाव लिहायचं आणि वर्गात जाऊन बसायचं. श्रीमंत बाई येऊन बसली तर बसू दे, तिच्या घरात काय चालतं ते आपल्याला माहीत नाही. जागा कमी पडल्या तर आणखी एक बॅच काढा, क्लीनरला घरी पाठवू नका. विजयकुमार आणि शुभ्रा मॅडम माझ्याबरोबर आले, दोघे विरोधात गेले. ठराव पास झाला. सप्टेंबरच्या बॅचपासून फी कोणालाच नाही. मग राजीनामा दिला आणि खाली पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसून राहिलो.

जोसे, तू सही केली नाहीस याची मला अजून चीड येते. ती खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. तू बरोबर होतीस हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात राहतात, आणि रात्री मला झोप लागत नाही. तू मला लगेच माफ करू नकोस. मलाही वेळ दे.

सोमवारी आत जातोय. बेव्हर्लीला नमस्कार, शेनॉनला आशीर्वाद. जेवढं प्रेम उरलंय तेवढ्यावर आपलं चालवू या.

तुझा,
जेरार्डदादा

•

अल मनखूल
१२ ऑक्टोबर २०२५

ती. जेरार्डदादास, मु. वसई,
सा. न. वि. वि., आणि जय येशू.

तू घरी सुखरूप पोचलास हे आईकडून कळलं. वहिनी मला फोन करत नाही, पण शेनॉनच्या वाढदिवसाला तिने व्हॉइस नोट पाठवली. मी ती पुन्हापुन्हा ऐकली. ॲरॉनला तिथल्या कॉलेजमध्ये जागा मिळाली, हेही आईनेच सांगितलं. त्याला माझा आशीर्वाद सांगू नकोस, त्याला तो नको असेल. स्वतःपाशी ठेव.

वर्ग सुरू होऊन महिना झाला. आठवड्यातून चार संध्याकाळी, अल क्वोजला, कॉलेजच्या बसने जाते. मधलं बोट वाकत नाही, करंगळीला टोक नाही, पण टायपिंग जमतं. व्हिसाचं काम वकील बघते आहे, होईल इन्शाल्ला. डॅरिल डिसेंबरमध्ये सुटेल म्हणतात. माझ्याजवळ यायला त्याला कोर्टाची मनाई आहे. तरीही लिफ्टचं दार उघडलं की मी आधी आत बघते आणि मग पाय टाकते.

परवाचं तुला सांगायचंय, म्हणून पत्र. वर्गात दुखापतीचे कोड चालू आहेत. नुसतं हाड मोडलं लिहून भागत नाही, कशाने मोडलं तेही कोडमध्ये यावं लागतं. अपघात असेल तर एक कोड, कोणी मुद्दाम केलं असेल तर दुसरा, आणि घरच्याच माणसाने केलं असेल तर त्या नात्यासाठीसुद्धा वेगळा कोड आहे. दादा, नवऱ्यासाठी कोड आहे. मी पुस्तकात त्यावर बोट ठेवून किती वेळ बसले होते.

शुभ्रा मॅडमनी सरावाला एक केस दिली. बाई, वय अमुक, उजव्या हाताची बोटं दारात चेंगरून मोडलेली, सोबत डोक्याला जखम, सोबत जुनी जुळलेली बरगडी. त्यांनी ती पुस्तकातूनच घेतली होती, माझा हात त्यांच्या लक्षात नव्हता. सगळ्या वर्गाने अपघाताचा कोड लिहिला. माझ्या शेजारच्या तन्मयने, तो दिवसा हॉटेलात रूमबॉय आहे, त्यानेही तोच लिहिला आणि माझा कागद कोरा बघून मला सांगायला लागला.

मी हात वर केला. उजवाच. सगळ्यांना तो दिसला. मॅडमनी केस बदलते म्हणून पान उलटलं. मी म्हटलं, नका बदलू. मग मी विचारलं, 'मॅडम, दार आपोआप लागलं असं कोण म्हणालं? नोंदीत ते लिहिलेलं नाही. बाईला कोणी एकटीला बसवून विचारलं का, ते आधी डॉक्टरला विचारायला हवं. तोवर मी अपघात लिहिणार नाही.'

मॅडमनी माझं उत्तर फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी आपापलं खोडून ते उतरवून घेतलं. तन्मयनेही.

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. तुझा राग असेल तितका असू दे, त्यातूनच वेळ काढून मला पत्र लिही.

तुझी बहीण,
जोसेफिन